फोर-के टीव्हीवर गेमिंगसाठी ग्राफिक्स कार्डाला मेमरी किती हवी? १२ की १६ जीबी?

मिऱ्याबंदर
नमस्कार मंडळी. रत्नागिरीहून लिहितोय.

दिवाळीत घरी ५५ इंची फोर-के टीव्ही आला. सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, मग बाबांनी होकार दिला. आता माझा पीसी त्याला जोडायचाय. रायझन ५ ५६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि ६ जीबीचं जुनं कार्ड. १०८० पी मॉनिटरवर ते छान चालायचं. फोर-के वर मेनूसुद्धा अडखळतो.

कार्डासाठी बजेट साठ हजारांच्या आसपास. यादीत तीन नावं आहेत:

आरटीएक्स ५०७०, १२ जीबी
आरएक्स ९०७०, १६ जीबी
आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबी

ऑनलाइन सामने मी खेळत नाही. मोठे, कथेचे, मोकळ्या जगाचे गेम आवडतात. कार्ड चार-पाच वर्षं तरी बदलणार नाही. वेगवान चिप आणि कमी मेमरी, की थोडी हळू चिप आणि जास्त मेमरी, एवढाच प्रश्न आहे. अनुभव असलेल्यांनी सांगा.

खाडीपलीकडे
१६. चार-पाच वर्षं म्हणालास तिथेच उत्तर आलं.

तारकर्लीचो_झील
आधी माका सांग, टीव्ही रिकामो मिळतलो कधी? आमच्याकडे संध्याकाळी सातापासून मालिका सुरू. तुका १६ जीबी मिळात, पण रिमोट मिळाचो नाय 😄

मिऱ्याबंदर
झीला, रात्री दहानंतर टीव्ही माझा. तसा करारच झालाय आईशी.

कातळशिल्प
थोडं सविस्तर लिहितो, कारण मेमरी नेमकी कशात जाते हे कळलं की निवड सोपी होते.

फोर-के म्हणजे ३८४० × २१६०, एकूण ८२,९४,४०० पिक्सेल. १०८० पी च्या बरोबर चौपट. एका पिक्सेलला ४ बाइट धरले तर पूर्ण चित्र साधारण ३३ एमबीचं. म्हणजे पडद्यावर दिसणारं चित्र स्वतः फार जागा खात नाही. गेम अशी अनेक चित्रं एकाच वेळी तयार करत असतो, खोलीचं वेगळं, प्रकाशाचं वेगळं, मागच्या फ्रेमचं वेगळं, आणि ती सगळी रिझोल्यूशनबरोबर फुगतात. तरी खरा खादाड तो नाही.

खरी जागा खातात टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली पृष्ठभागाची चित्रं. ४०९६ × ४०९६ चं एक टेक्स्चर न दाबता ठेवलं तर ६४ एमबी. कार्डाला थेट वाचता येणाऱ्या बीसी७ पद्धतीने दाबलं तर १६ एमबी, आणि लांबून दिसण्यासाठीच्या त्याच्या लहान आवृत्त्या धरल्या की एकवीस-बावीस. शिवाय एका भिंतीला एकच टेक्स्चर पुरत नाही. रंगाचं एक, खडबडीतपणाचं एक, चकाकीचं एक. मोकळ्या जगाच्या गेममध्ये अशा शेकडो वस्तू एका वेळी समोर असतात. त्यावर रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून उजेड-सावल्या काढणं, चालू केलं की दृश्यातल्या सगळ्या आकारांचा आणखी एक आराखडा मेमरीत ठेवावा लागतो.

आता मेमरी भरली तर काय होतं? कार्डावरची मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा समज, आणि पीसीची रॅम म्हणजे माळा. ओट्यावर मावलं नाही की प्रत्येक डब्यासाठी शिडी लावायची. आकड्यांत सांगायचं तर ५०७० ची मेमरी सेकंदाला ६७२ जीबी वाचते, ९०७० ची ६४०. तुझ्या बी४५० बोर्डावर पीसीआयई ३.० (कार्डाला बोर्डाशी जोडणारी वाट) आहे, म्हणजे पूर्ण १६ लेन मिळाल्या तरी रॅममधून सेकंदाला जेमतेम १६ जीबी येतात. चाळीसपट फरक! म्हणून मेमरी संपली की वेग हळूहळू कमी होत नाही, गेम एकदम झटके खायला लागतो.

अजून एक. पीएस५ आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स २०२० साली १६ जीबी सामायिक मेमरी घेऊन आले. मोठे गेम आधी त्यांच्या मापाने बेतले जातात. २०२३ पासून पीसीवर ८ जीबीवाल्यांचे हाल सुरू झाले त्यामागे हेच आहे.

वाशिष्ठी
कातळशिल्प, झटक्यांचं अगदी तंतोतंत. माझ्याकडे ८ जीबीचं कार्ड आहे, १४४० पी मॉनिटर. सरासरी फ्रेमरेट बघितला तर कुणालाही वाटेल की झकास चाललंय. पण गावात शिरलो, मान वळवली, की अर्धा सेकंद सगळं थांबतं. काही गेम झटका देत नाहीत, ते गुपचूप टेक्स्चरच उतरवतात. समोरच्या माणसाचा चेहरा मेणाचा दिसतो, दोन-तीन सेकंदांनी डोळे-नाक उमटतात. आकडा चांगला आणि चित्र वाईट, हे जास्त त्रासदायक.

तपासायचं असेल तर टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग जीपीयू. तिथे डेडिकेटेड आणि शेअर्ड असे दोन आलेख दिसतात. डेडिकेटेड काठोकाठ भरलंय आणि खेळताना शेअर्ड चढत चाललंय, तर मेमरी कमी पडतेय.

२०२३ च्या मार्चमध्ये द लास्ट ऑफ अस पार्ट वन पीसीवर आला तेव्हा ८ जीबीवर तो किती वाईट दिसत होता हे आठवत असेल सगळ्यांना. पुढे पॅच येऊन बराच सुधारला, हेही खरं.

सुरंगी
मला थोडं वेगळं म्हणायचंय. "१६ घे" एवढं सांगून चालणार नाही, कारण यादीत १६ वाली दोन कार्डं आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

५०६० टीआय ची मेमरी बस, म्हणजे चिप आणि मेमरीमधली वाट, १२८ बिट रुंद, वेग ४४८ जीबी. ९०७० ची बस २५६ बिट, वेग ६४०, आणि चिपही बरीच मोठी. फोर-के वर ५०६० टीआय ला टेक्स्चर मावतील, पण तेवढे पिक्सेल रंगवायचा दम तिच्यात नाही. मोठ्या गेममध्ये सेटिंग उतरवत उतरवत शेवटी १६ जीबीचा उपयोग काय, असं होईल. ते कार्ड १४४० पी वर खेळणाऱ्यासाठी उत्तम आहे.

मी वेंगुर्ल्यात थ्रीडीचं काम करते. कामासाठी मेमरी किती महत्त्वाची हे रोज बघते, कारण सीन मेमरीत मावला नाही तर रेंडर (अंतिम चित्र तयार होणं) भयंकर रेंगाळतो नाहीतर होतच नाही. गेमचं गणित तसं नाही. तिथे चिप आणि मेमरी यांची जोडी जुळायला लागते.

लाल_माती
इथे सगळे १२ जीबीला फार लवकर बाद करताय. मी लांज्यात १२ जीबीच्या कार्डावर फोर-के टीव्हीवरच खेळतो आणि मजेत खेळतो.

एक, आफ्टरबर्नर या कार्डाचा वापर दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधला आकडा बघून घाबरू नका. गेमने राखून ठेवलेली मेमरी आणि खरोखर लागणारी मेमरी यांत फरक असतो. १६ जीबीचं कार्ड दिसलं की काही गेम मोकळी जागा आहे म्हणून १३-१४ जीबी अडवून ठेवतात. तोच गेम १२ वर एकही झटका न देता चालतो.

दोन, डीएलएसएस, म्हणजे एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांची कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करायची सोय. फोर-के वर क्वालिटी मोड लावला की गेम आत १४४० पी वर रेंडर होतो, परफॉर्मन्स लावला तर १०८० पी वर. सोफ्यावरून, दहा फुटांवरून बघताना मला तरी फरक कळत नाही.

तीन, टेक्स्चर अल्ट्रावरून हाय वर आणलं तर बहुतेक गेममध्ये काहीही बिघडत नाही. वेगवान चिप रोज उपयोगी पडते. जास्तीची मेमरी एखाद्या गेममध्ये.

सुरंगी
लाल_माती, राखीव आणि वापरलेली मेमरी वेगळी, हे शंभर टक्के मान्य. डीएलएसएसबद्दल मात्र एक दुरुस्ती. आतलं रिझोल्यूशन कमी झालं तरी टेक्स्चर फोर-के च्याच मापाने निवडली जातात, नाहीतर चित्र धुरकट दिसेल. त्यामुळे मेमरी थोडी वाचते, १०८० पी इतकी खाली येत नाही. आणि फ्रेम जनरेशन, म्हणजे मधल्या फ्रेम कार्डानेच बनवून घालणं, चालू केलं की उलट मेमरी जास्त लागते. ज्याला रे ट्रेसिंग, फ्रेम जनरेशन आणि वरची टेक्स्चर सगळं एकत्र हवंय, त्याला फोर-के वर १२ अंगाला घट्टच होणार.

लाल_माती
हो, सायबरपंक २०७७ मध्ये पाथ ट्रेसिंग (रे ट्रेसिंगचा फार जड प्रकार) आणि फ्रेम जनरेशन दोन्ही लावलं तर माझं कार्डही हात टेकतं. ते मान्य. मी पाथ ट्रेसिंग बंद ठेवतो.

हापूस_पायरी
मधेच विचारते, रागावू नका. माझा मुलगा बारावीनंतर पीसी मागतोय. १६ जीबीचंच कार्ड हवं म्हणून हटून बसलाय. मॉनिटर १०८० पी चा आहे. एवढी गरज असते का? आंब्याचे पैसे हातात येतील तेव्हाच घेणार, म्हणून नीट समजून घ्यायचंय.

वाशिष्ठी
ताई, १०८० पी ला १६ जीबीचा हट्ट नको. पण ८ जीबीचं नवं कार्डही घेऊ नका, ते आत्ताच कडेला आलंय. मधला मार्ग १२ जीबी. इंटेलचं आर्क बी५८० आहे, १२ जीबी, डिसेंबर २०२४ चं. नवा पीसी जुळवताय तर बोर्डात रिसायझेबल बार नावाची सेटिंग चालू आहे ना ते दुकानदाराकडून बघून घ्या, आर्क कार्डांना ते लागतं. उरलेल्या पैशात चांगला एसएमपीएस बसवा.

सुरंगी
वाशिष्ठीशी सहमत. आणि ताई, मुलगा पुढे अॅनिमेशन किंवा एआय शिकणार असेल तर मात्र १६ चा विचार करा, तिथे मेमरीचा रोज उपयोग होईल. त्यालाच विचारा.

हापूस_पायरी
आभारी आहे दोघांची. आज रात्री विचारते.

खाडीपलीकडे
कातळशिल्प, एक शंका. या कंपन्या १४ किंवा १५ जीबी का देत नाहीत? नेहमी ८, १२, १६ च का?

कातळशिल्प
चांगला प्रश्न. मेमरीची प्रत्येक चिप ३२ बिटच्या वाटेने जोडलेली असते. म्हणजे १९२ बिटच्या बसला सहा चिप, २५६ ला आठ. सध्या या कार्डांवर बहुतेक २ जीबीच्या चिप बसवतात. सहा दुणे बारा, आठ दुणे सोळा. म्हणून ५०७० ला १२ आणि ९०७० ला १६.

१२८ बिटला चारच चिप, म्हणजे ८. तिथे १६ हवे असतील तर एकाच वाटेवर दोन-दोन चिप, बोर्डाच्या दोन्ही बाजूंना. ५०६० टीआय १६ जीबीमध्ये तेच केलंय. जागा दुप्पट झाली, वाट तेवढीच राहिली. सुरंगी म्हणते त्याचं मूळ इथे आहे.

यामुळेच २०२०-२१ मध्ये विचित्र प्रकार झाला होता. आरटीएक्स ३०७० ला २५६ बिट पण १ जीबीच्या चिप, म्हणून ८ जीबी. तिच्यापेक्षा हळू ३०६० ला १९२ बिट आणि २ जीबीच्या चिप, म्हणून १२. आज जुन्या बाजारात १२ वाली ३०६० लोक अजून आवडीने शोधतात. ३ जीबीच्या जीडीडीआर७ चिपही आल्यात, लॅपटॉपच्या ५०९० मध्ये त्याच वापरून २४ जीबी दिलेत.

खाडीपलीकडे
वा! हे कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

भरतीओहोटी
तरुण मंडळी मेमरीवर छान बोलताहेत. मी हर्णैला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो, म्हणून कोकणातल्या दोन गोष्टी सांगतो. कार्ड महाग घेतलंत तर ते टिकायलाही हवं.

पहिली, खारी हवा. कार्डाच्या स्लॉटमधल्या पट्ट्या सोन्याचा मुलामा दिलेल्या असतात, त्यांना सहसा काही होत नाही. पण स्क्रू, मागची पत्र्याची पट्टी, पंख्याचे बेअरिंग, सोल्डरचे टाके यांना क्षार खातो. समुद्राकडच्या खिडकीखाली कॅबिनेट ठेवू नका. पावसाळ्यात पीसी महिनाभर बंद ठेवू नका, रोज थोडा वेळ चालवा. आतल्या उष्णतेने दमटपणा निघून जातो. मुंबईकर मंडळी गणपतीला येऊन वर्षभर बंद पडलेला पीसी थेट चालू करतात, तेव्हा हमखास काहीतरी जळतं. आधी उघडून, पुसून, पंख्याखाली दिवसभर वाळू द्या.

दुसरी, वीज. जूनमध्ये दिवसातून कितीतरी वेळा जाते आणि येताना झटका देऊन येते. घरच्या इन्व्हर्टरवर गेमिंग पीसी टाकू नका. ५०७० एकटी २५० वॅटपर्यंत खेचते, ९०७० साधारण २२०. त्यात प्रोसेसर, टीव्ही. शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस घ्या, व्हीए न बघता वॅटचा आकडा बघून घ्या. खेळ नीट सेव्ह करून बंद करायला पाच-दहा मिनिटं मिळाली तरी खूप झालं. आणि वीज कडाडायला लागली की प्लग काढा, एचडीएमआय आणि इंटरनेटची वायरसुद्धा.

वाशिष्ठी
काका, यात चिपळूणकरांची भर घाला. कॅबिनेट तळमजल्यावर जमिनीवर ठेवू नका. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्या आळीत कुणी ठेवत नाही.

तारकर्लीचो_झील
काकानू, वायर काढूक विसरलो तर १६ जीबी काय नि १२ काय, सगळा वायाच. हा बाकी खरा बोललास.

मिऱ्याबंदर
सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, धन्यवाद. बी४५० च्या पीसीआयई ३.० बद्दल अजून एक विचारायचंय. त्यामुळे नवं कार्ड वाया जाईल का? बोर्ड बदलायची आत्ता ऐपत नाही.

कातळशिल्प
नाही जाणार. ५०७० आणि ९०७० दोन्ही १६ लेनची आहेत, ३.० वर थोडासाच फरक पडेल. ५०६० टीआय मात्र ८ लेनची. तुझ्या बोर्डावर ती सेकंदाला साधारण ८ जीबीवर येईल. मेमरी मावत असेल तोवर ठीक, पण तिची ८ जीबीवाली आवृत्ती अशा जुन्या बोर्डावर घेणं म्हणजे त्रास विकत घेणं.

यातून तुझ्यासाठी एक गोष्ट निघते. तुझी वाट अरुंद आहे, म्हणजे मेमरी कमी पडल्याची शिक्षा तुला इतरांपेक्षा जास्त होईल. १२ जीबी आणि पीसीआयई ५.० वाला माणूस कधीतरी निभावून नेईल. तुझ्या बोर्डाला मेमरी काठोकाठ भरू न देणं जास्त गरजेचं आहे.

लाल_माती
हा मुद्दा मी धरला नव्हता, माझ्याकडे पीसीआयई ४.० आहे. बी४५० असेल तर १६ कडे माझंही मत झुकतं. पण मिऱ्याबंदर, तुझ्या आवडीच्या गेममध्ये डीएलएसएस किती वापरतोस ते बघ. ९०७० ला एफएसआर ४, म्हणजे डीएलएसएससारखीच एएमडीची सोय, मिळतं, ते चांगलंच आहे, पण जुन्या गेममध्ये डीएलएसएस जास्त ठिकाणी सापडतं.

सुरंगी
आणि पुढच्या वर्षांचा अंदाज हवा असेल तर गेमच्या अधिकृत यादी वाचाव्यात. डूम: द डार्क एजेस मे २०२५ मध्ये आला. त्यात किमान ८ जीबी, शिफारस १०, आणि फोर-के अल्ट्रासाठी १६ असं स्पष्ट लिहिलंय. मॉन्स्टर हंटर वाइल्ड्सच्या वेगळ्या टेक्स्चर पॅकलाही १६ सांगितलेत. तो पॅक उतरवला नाही तरी गेम चालतो, म्हणून १२ वाल्यांचं काही अडत नाही. पण वारा कुठे वाहतोय ते दिसतं.

खाडीपलीकडे
घेणार कुठून? लॅमिंग्टन रोडला भाव करता येतो. सकाळी ग्रँट रोडला उतरायचं, बिल आणि सीलबंद खोका घेऊन रात्रीच्या कोकणकन्येने परत. माझ्या मित्राने ऑनलाइन मागवलं तर खोका दबलेला आला आणि बदलून घेण्यात बराच वेळ गेला. कुठूनही घ्या, खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीसाठी पाठवायचं झालं तर मुंबई-पुण्यालाच जातं, बिल नसेल तर हाल.

आणि फार वाट बघू नका. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीच्या चिपच महागल्यात, एआयवाल्यांची डेटा सेंटर सगळा माल उचलताहेत. त्याचा भार जास्त मेमरीच्या कार्डांवर जास्त पडतो.

मिऱ्याबंदर
ठरलं. ९०७०, १६ जीबी. मी रे ट्रेसिंगचा फार हट्टी नाही, टेक्स्चर मात्र मला पूर्ण हवीत, झाडाची साल आणि दगडाचा पोत बघत मी गेममध्ये उगाच चालत राहतो. शिवाय बी४५० चा मुद्दा पटला. लाल_माती, डीएलएसएसची यादीही तपासली. माझ्या आवडीच्या बऱ्याच गेममध्ये एफएसआरही आहे.

आता ५५० वॅटचा एसएमपीएस चालेल का? आणि टीव्हीला जुनी एचडीएमआय वायर आहे तीच लावू?

कातळशिल्प
५५० चांगल्या कंपनीचा असला तरी या कार्डासाठी ६५० वॅटची शिफारस आहे. जुना झाला असेल तर बदलच. ८ पिनच्या दोन वेगळ्या केबल असलेला घे, एका केबलचे दोन फाटे वापरू नकोस.

भरतीओहोटी
वायर बदल. जुनी एचडीएमआय २.० ची असेल तर फोर-के ला ६० हर्ट्झवरच अडकशील. १२० साठी २.१ लागते, आणि टीव्हीच्या मागचं प्रत्येक पोर्ट तसं नसतं. ज्याच्या शेजारी १२० हर्ट्झ लिहिलंय त्यातच खोच, मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टाला गेम मोड लाव. आणि दुकानात जाण्याआधी कॅबिनेटची आतली लांबी टेपने मोजून घे, तीन पंख्यांची कार्डं जुन्या कॅबिनेटात पुढच्या पंख्यांना टेकतात.

मिऱ्याबंदर
मोजली. ३१ सेंटीमीटर आहे. दोन पंख्यांचंच बघतो.